तिकडच्या रस्त्याचे टायर

चष्मेवाल्याचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर चाललं होतं. "आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?" गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट चढली, की तो एक भिंग काढायचा, दुसरं घालायचा आणि विचारायचा. माणसं गोंधळायची, पुन्हा दाखवा म्हणायची, आणि तो न कंटाळता पुन्हा दाखवायचा. दुसऱ्याला निवडायला लावण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्वतःसाठी काही निवडायची वेळ आली की मात्र त्याचं घोडं अडायचं. पन्नाशी उलटली तरी लग्न झालं नाही ते याच पायी, असं त्याच्या वहिनीचं ठाम मत होतं.

"भावजी, तुम्हाला एकच स्थळ दाखवायला हवं होतं," ती वाढता वाढता म्हणायची. "आम्ही दोन दाखवली, तिथंच चुकलं."

तो दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचा आणि जेवायला वर भावाकडे जायचा. जन्मात एकच गोष्ट त्याने कोणाला न विचारता, एका दमात निवडली होती. ती म्हणजे त्याची शर्यतीची सायकल. हलकी, वाकड्या दांड्याची, आणि टायर असे बारीक की शेजारचे लोक तिला सुई म्हणायचे. टायरमध्ये तो हवा अशी ठासून भरायचा की बोटाने दाबलं तर बोटच दुखावं. टणक टायर म्हणजे वेगवान टायर, हा त्याचा धर्म होता. त्यापायी मनगटं दुखायची, पाठ बोलायची, पण धर्म म्हटला की थोडं सोसावं लागतंच.

दर रविवारी सकाळी तो ही सुई घेऊन गावाबाहेर पडायचा. आणि गेली कित्येक वर्षं त्याच्या मागे आणखी एक सायकल असायची. ती सायकल सोफेवाल्या बाईंची.

दोन गल्ल्या पलीकडे एक कारखाना होता. तिथं जुन्या सोफ्यांना, खुर्च्यांना नवं कापड चढवून द्यायचे, आणि ते काम ती करायची. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, लांबच्या एका गावी धाकटी बहीण होती, एवढंच तिचं गणगोत. चष्मेवाल्याकडे ती पहिल्यांदा आली ती सुईत दोरा ओवताना डोळ्यांवर ताण येतो म्हणून. तपासणी झाल्यावर तिने भिंतीवर टांगलेली सायकल बघितली आणि म्हणाली, "मीही चालवते. पण एकटीला लांब जायला कंटाळा येतो."

आता याच्यापुढे कोणत्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं ते सांगायला नको. चष्मेवाल्याने केलं ते असं. पहिल्या रविवारी कोपऱ्यावर ती भेटली तेव्हा त्याने हात जोडले आणि अगदी अदबीने म्हणाला, "या, ताई."

ताई! महिनाभर तो तिला ताई म्हणत राहिला. मग एका रविवारी नदीवरच्या पुलावर ती कशाला तरी खळखळून हसली, आणि याच्या छातीत काहीतरी असं हललं की त्याला स्वतःच्या जिभेचा संताप आला. त्या दिवसापासून त्याने ताई म्हणणं बंद केलं. पण दुसरं काय म्हणावं ते काही सुचेना, आणि सुचलं ते म्हणायची छाती होईना. मग "ऐका ना", "अहो", "बघितलंत का" अशा टेकूंवर त्याने वर्षंच्या वर्षं काढली. ती त्याला सरळ चष्मेवाले म्हणायची. तिला तसली अडचण नव्हती, निदान याला तरी तसं वाटायचं.

रस्त्याला लागलं की तो पुढे आणि ती मागे. हा नियमच होता. पुढच्याने वारा अंगावर घेतला की मागच्याला सायकल हलकी जाते, हे त्याला ठाऊक होतं. खड्डा आला की तो हात खाली करून दाखवायचा, खडी आली की तळहात हलवायचा. तिच्या वाटेतला वारा आपण खातो, तिच्या चाकाखालचे खड्डे आपण आधी बघतो, याहून मोठी सेवा पुरुषाने बाईची करायची म्हणजे तरी काय, असं त्याला मनापासून वाटे. अर्थात हे तिला त्याने कधीच सांगितलं नव्हतं. न सांगता कळावं अशी त्याची अपेक्षा होती. पुरुषांच्या अपेक्षा अशाच असतात.

एके दिवशी दुपारी, दुकानात कोणी नसताना, ती आली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "चष्मेवाले, मी चालले."

"कुठं?"

"बहिणीकडे. तिनं तिकडे स्वतःचा कारखाना काढलाय. हाताखाली कोणी धड मिळत नाही म्हणते. येऊन राहा म्हणते, कायमचीच."

हातातलं भिंग चष्मेवाल्याने खाली ठेवलं, परत उचललं, कापडाने पुसलं. पुसलेलंच पुसलं. घशाशी पुष्कळ काही आलं होतं, आणि त्याची त्यालाच इतकी भीती वाटली की जे पहिलं सुरक्षित वाक्य हाताला लागलं ते त्याने धरलं.

"तिकडे रस्ता कसा आहे?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "रस्ता?"

"म्हणजे सायकल नेणार असाल ना? आत्ता तुमच्या टायरची रुंदी किती आहे?"

ती उठली. "खडीचा रस्ता आहे. घरापासून कारखान्यापर्यंत सगळा तसाच. रुंदीबिंदी तुम्हीच बघा. टिकाऊ हवेत, आणि अंगाला हादरे नकोत. तिकडे पंक्चर काढणारं कोणी नाही."

ती गेल्यावर त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि अंधारात बसून राहिला. ती जाणार. कोपऱ्यावर रविवारी कोणी उभं नसणार. आपण पुढे जायचं, हात खाली करून खड्डा दाखवायचा, आणि तो बघायला मागे कोणी नसणार. हे सगळं त्याला लख्ख दिसत होतं, आणि त्यावर उपाय म्हणून त्याच्या डोक्यात काय होतं, तर टायर.

पण एकदा टायर घेतले डोक्यात, की तोही काही कमी नव्हता. बाजारातल्या सायकलवाल्याकडे जाऊन त्याने निम्मं दुकान खाली उतरवलं. जाड रबराचा एक टायर होता, त्यात खिळाही शिरला नसता, पण चालवून बघितला तर प्रत्येक खडा थेट मणक्यापर्यंत निरोप पोचवत होता. एक मऊ होता, कडा कापडासारख्या लवचीक, बसलं की गादीवर बसल्यागत. पण खडीच्या धारेने त्या कडा फाटायला किती वेळ? एक मधला होता. रुंदी बरी, रबराच्या आत काट्याखिळ्यांना अडवणारा एक पट्टा, आणि हवा थोडी कमी भरली तरी चालणारा. तो तिच्या सायकलीच्या चाक धरणाऱ्या चिमट्यात मावेल का, मावला तर चिखल अडकायला जागा उरेल का, हे बघायला त्याने तिच्याकडून सायकल मागून आणली. चाक आणि चौकट यांच्यामधल्या फटीत करंगळी घालून घालून बघितली.

सायकलवाला वैतागला. "घ्या की एक कुठला तरी. टायरच आहे."

"तिला रोज चालवायचंय," चष्मेवाला म्हणाला.

या निमित्ताने त्याचा जुना धर्मही बुडाला. रुंद टायरात कमी हवा भरून तो खडीवरून गेला, तर सायकल हळू जाईना, उलट खड्यावर उडायची थांबल्यामुळे सरळ पळायला लागली. इतकी वर्षं आपण उगाच मनगटं झिजवली, हे त्याला कळलं. पण स्वतःच्या सायकलीचे टायर बदलायचं काही त्याच्या मनात आलं नाही. मन तिकडे नव्हतंच.

शेवटी उरले दोन. आणि दोन उरले की चष्मेवाल्याचं काय होतं ते आपण जाणतो. त्याने ठरवलं, परीक्षा घ्यायची. गावाबाहेर दगडाच्या खाणीकडे जाणारा एक रस्ता होता, सगळा खडीचा. रविवारी तिला तिकडे न्यायचं. जाताना एक जोडी, मग खाणीच्या तोंडाशी बसून टायर बदलायचे, येताना दुसरी.

वहिनीने त्याला टायर खांद्याला अडकवून जिना उतरताना बघितलं. "भावजी, टायर निवडताय की स्थळ?"

तो लाल झाला. वहिनीची थट्टा तिथंच थांबली. ती दोन पायऱ्या खाली आली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्या बाई चालल्यात म्हणे. काहीतरी बोला त्यांच्याशी."

"काय बोलू?"

"टायर सोडून काहीही."

त्या रविवारी खाणीशी तो खाली बसून टायर बदलत होता आणि ती दगडावर बसून बोलत होती. जुने सोफे उसवले की आत काय काय सापडतं ते सांगत होती. कंगवे, गोट्या, कानातलं एखादं फूल, बाळाचा पायमोजा. एकदा एका म्हाताऱ्या जोडप्याच्या सोफ्यात गळून पडलेली बटणंच बटणं निघाली, सगळी एकाच बाजूला. "म्हणजे आजोबा नेहमी त्याच बाजूला बसायचे," ती म्हणाली, "आणि आजींना बटण लावायचा कंटाळा." चष्मेवाला हसला. टायर केव्हाच चढला असता, पण त्याने उगाच ट्यूब पुन्हा बाहेर काढून तपासली. असं बसून राहावं, तिने असं बोलत राहावं, आणि टायर कधी चढूच नये, एवढंच त्या क्षणी त्याला हवं होतं. इतकं हवं होतं की डोळ्यांत पाणी आलं. खडीची धूळ आहे असं दाखवत त्याने ते बाहीने पुसलं.

परत गावाच्या वेशीवर आल्यावर त्याने विचारलं, "आता बरं, की आधी बरं होतं?"

"कळत नाही," ती म्हणाली. "पुन्हा बघावं लागेल."

त्याचा जीव भांड्यात पडला. पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच्या पुढच्यालाही पुन्हा. टायर ठरत नाहीत तोवर ती जात नाही, असा काहीतरी हिशेब त्याने मनाशी जुळवला होता. बहिणीने मात्र असला हिशेब केलेला नव्हता. तिचा फोन आला, जायचा दिवस पक्का झाला, आणि सोफेवाल्या बाईंनी सामान मालगाडीने पुढे पाठवून दिलं. चष्मेवाल्याने मधला टायर घेतला. पट्टा असलेला. तो पहिल्या दिवसापासून तोच घेणार होता.

शेवटच्या रविवारी नवे टायर घातलेली तिची सायकल घेऊन ते पुन्हा खाणीच्या रस्त्याला गेले. एक काळजी त्याला सतावत होती. हा टायर टिकाऊ खरा, पण नवा असताना रिमवर चढायला महाकठीण; परीक्षेची जोडी सायकलवाल्याकडची, वापरून सैल झालेली होती, आणि ही कोरी जोडी त्यानेच चढवून दिली होती. चुकून कधी पंक्चर झालंच, तर त्या खडीच्या रस्त्यावर ती एकटी काय करणार? इतक्या वर्षांत तिच्या सायकलीला त्याने तिला हात लावू दिला नव्हता. तिचं पंक्चर तोच काढायचा, हवा तोच भरायचा.

"आज शिकवतो तुम्हाला," तो म्हणाला. "नीट बघा हं."

त्याने चाक काढलं, हवा सोडली, टायर उतरवला, ट्यूब बाहेर काढली. सगळं गिऱ्हाइकाला समजावतात तसं, हळूहळू. मग ट्यूब आत बसवली आणि टायर परत चढवायला घेतला. निम्मा गेला, पाऊण गेला. शेवटची वीतभर कड काही केल्या रिमवर येईना. त्याने अंगठे लावले, गुडघा लावला, दात ओठ खाल्ले. भिंगं धरणारी बोटं ती, लाल होऊन थरथरायला लागली. हा मुळात शिकवायला बसला होता, आणि घामाघूम झाला होता.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "द्या इकडे."

तिने चाक मांडीवर आडवं घेतलं. टायर समोरच्या बाजूने दोन्ही हातांनी चेपत, रबर खेचत खेचत आपल्याकडे आणलं, आणि शेवटी दोन अंगठे ठेवून असा काही रेटा दिला की कड गपकन आत बसली. रोज लाकडी सांगाड्यांवर कापड ताणून बसवणारे हात ते. सोफ्याची पाठ असो की सायकलीचं चाक, त्या हातांना दोन्ही सारखंच. तिने चाक फिरवून कड सगळीकडे सारखी बसलीय का तेही बघितलं, व्हॉल्व्ह सरळ केला आणि चाक त्याच्या हातात दिलं.

चष्मेवाला तोंड उघडं टाकून बघत होता. "तुम्हाला येतं हे?"

"लहानपणापासून. वडिलांची सायकल मीच बघायचे."

"मग इतकी वर्षं..." त्याला वाक्य पुरं करता येईना. "इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?" तिने हात फडक्याला पुसले. आवाज चढला नव्हता, पण त्यात काहीतरी बांध फुटल्यासारखं होतं. "तुम्ही सदा पुढं. मला दिसायची ती तुमची पाठ. इतकी वर्षं मी एक पाठ बघत सायकल चालवलीय, चष्मेवाले. पंक्चर झालं की तेवढे तुम्ही थांबायचात. खाली बसायचात, माझ्याकडे तोंड करून. मग मी कशाला सांगू, मला येतं म्हणून? तुमच्या त्या सुयांना खडा टोचला की मला तर बरंच वाटायचं."

"मी वारा अडवत होतो," तो पुटपुटला. "तुमच्यासाठी."

"मला कोणी सांगितलं?"

ती उठली, त्याच्या हातातून चाक घेतलं, हवा भरली आणि ते बसवायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "त्या दिवशी मी तुमच्याकडे टायर विचारायला नव्हते आले. मी चालले, हे सांगायला आले होते. तुम्ही रुंदी विचारलीत."

चष्मेवाल्याला तोंडात मारल्यासारखं झालं. ती सायकलीवर बसली, तोही बसला, आणि परतीचा रस्ता सुरू झाला. आणि काय सांगावं, सवयीने तो पुढेच गेला! खड्डा आला, याचा हात आपोआप खाली. डोक्यात तिची वाक्यं घणासारखी आदळत होती, आणि पाय चालतच होते.

मागून तिच्या टायरांचा आवाज येत होता. मऊ, एकसारखा, खडीवरून जाताना रेशमी कापड फाडावं तसा. न धडपडता, न अडखळता येत होता. टायर अप्रतिम निघाले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी इतकं नेमकं निवडलं होतं. या टायरांना आता काहीही होणार नव्हतं, ना आज, ना तिकडे. काहीही न होता ते तिला वेशीपर्यंत आणणार होते, मग घरी, मग कायमचं लांब. वेशीवरची पाण्याची टाकी दिसायलासुद्धा लागली.

त्याने दोन्ही ब्रेक दाबले. सायकल कडेला घेतली, उतरला, आणि रस्त्यातच हात आडवा धरून उभा राहिला.

ती करकचून ब्रेक दाबत थांबली. "काय झालं? पंक्चर?"

"नाही."

"मग चेन उतरली?"

"नाही. काही झालेलं नाही." त्याने आपली सायकल गवतात आडवी टाकली. एवढ्या जिवापाड जपलेली सायकल त्याने अशी टाकलेली तिने कधी बघितली नव्हती. "काही झालेलं नाही. थांबलोय नुसता. बसा ना जरा."

ती उभीच होती. तो कडेच्या दगडावर बसला, तिच्याकडे तोंड करून. हातात ना ट्यूब, ना पंप. हात कुठं ठेवावेत तेही त्याला कळेना. पण बोलला. टायर सोडून बोलला.

"तुम्ही जाऊ नका. मला करमणार नाही. रविवारच नाही, कुठल्याच दिवशी करमणार नाही. हे त्या दिवशी दुकानातच म्हणायचं होतं. त्याच्याही आधी म्हणायचं होतं, त्या नदीच्या पुलावर. मी घाबरलो. तुमची पाठराखण करतोय असं समजून मी सारखा पळत होतो, दुसरं काही नाही."

खाली बघत तिने सायकल स्टँडशिवाय तशीच कमरेला टेकवून धरली होती, आणि हँडलवरची तिची बोटं आवळत होती, सैल होत होती.

"सामान गेलंय माझं," शेवटी ती म्हणाली. "बहीण वाट बघतेय. तिला शब्द दिलाय."

"माहीत आहे."

"आता जाणं उद्यावर आलं, आणि आज सांगताय."

"माहीत आहे," तो पुन्हा म्हणाला. पण उठला नाही.

खाणीकडून दगडांनी भरलेला एक ट्रक हळूहळू येत होता. दोघांना असं कडेला बघून ड्रायव्हरने वेग कमी केला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय हो, पंक्चर का? गावापर्यंत सोडू?"

चष्मेवाल्याने तिच्याकडे बघितलं. तिने आपल्या नव्याकोऱ्या, धडधाकट टायरांकडे बघितलं. मग सायकल गवतात त्याच्या सायकलीशेजारी आडवी केली आणि येऊन दगडावर बसली.

"हो, पंक्चर आहे," ती ड्रायव्हरला म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं. आम्हाला वेळ लागेल."